आखणी करणारा हात

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एक मूर्ती पुरी व्हायला कितीतरी हात लागतात. कोणी माती मळतं, कोणी साचा भरतं, कोणी जोड घासून फिनिशिंग करतं, कोणी अंगाचा रंग मारतं, कोणी पितांबर आणि दागिने रंगवतं. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. आमच्या घरी मूळ मूर्ती घडवायचं काम ह्यांचं आणि आखणी माझी, असं लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच ठरून गेलं होतं. २०१९ च्या आषाढात, ऐन हंगामात, हे गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि तासाभरात सगळं संपलं.

त्यानंतरच्या वर्षांत आमच्या भागातल्या, म्हणजे पेण, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत इकडच्या, अशाच एकट्या पडलेल्या काही जणी माझ्याकडे येऊन बसल्या. विचारायचं असतं ते बहुतेक तेच. कारखाना चालू ठेवू का? माणसं माझं ऐकतील का? देवाच्या मूर्तीला मी हात लावला तर चालेल का? त्यांना तोंडी सांगत आले ते इथे लिहिते आहे.

१. सूतक घराला असतं, हंगामाला नसतं.

चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. त्या वर्षी ती २ सप्टेंबरला होती. शेडमध्ये फळ्यांवर ओळीने कच्च्या मूर्ती, काहींना सफेदा मारून झालेला, व्यापाऱ्यांकडून आगाऊ घेतलेली रक्कम मातीत आणि मजुरीत गेलेली. आणि दहा दिवस घरच्या कोणी मूर्तींना हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी आळीतल्या दोन कारखान्यांतली माणसं आली. दारात उभं राहून एवढंच म्हणाली, “वहिनी, यादीची वही कुठे आहे?” मुलाने वही दिली. संध्याकाळपर्यंत आमच्या अर्ध्याअधिक मूर्ती त्यांच्या शेडमध्ये गेल्या होत्या.

अशा वेळी ‘नको, तुम्हाला कशाला त्रास’ म्हणू नका. भेटायला येणाऱ्यांना काही करायची इच्छा असते, पण काय करावं ते सुचत नाही. त्यांना काम सांगा. जोड घासायला दोन माणसं हवीत, रंगाचे डबे आणायचेत, मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करायचाय. माझ्याजवळ बसून रडलेल्या माणसांचे उपकार मी मानतेच, पण त्या दिवसांत मला खरा आधार दिला तो त्या वहीवाल्यांनी.

२. मदत घ्या आणि वहीत लिहा.

कोणी किती मूर्ती रंगवून दिल्या, कोणाचा किती रंग गेला, कोणाच्या पोरांनी किती रात्री जागवल्या, सगळं मी नंतर विचारून विचारून लिहून काढलं. मजुरी द्यायला गेले तर कोणी घेईना. मी हट्टाने दिली. ज्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही त्यांच्या घरी पुढच्या हंगामात बसून आखणी करून दिली. हा उपकार फेडण्याचा भाग नव्हता. आमच्या आळीत कारखाने एकमेकांच्या उसन्या हातांवर चालतात. साचा उसना जातो, कॉम्प्रेसर जातो, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात माणसंही जातात. त्या देवाणघेवाणीत मला बिचारी म्हणून राहायचं नव्हतं, कारखानदार म्हणून राहायचं होतं. दया एक-दोन वर्षं टिकते. व्यवहार टिकतो तो पिढ्यान्‌पिढ्या.

३. कोणी सांत्वन केलं आणि ते पटलं नाही, तर पटवून घेऊ नका.

मला शंभर जणांनी सांगितलं असेल, “तुम्ही तर गणपती घडवणारी माणसं. दहा दिवसांनी तोही जातोच ना?” हेतू चांगला असतो. पण गणपती पुढच्या वर्षी येतो. म्हणून तर त्याला निरोप देताना माणसं वाजतगाजत जातात. माणूस गेला की तो येत नाही. हा फरक मी स्वतःशी स्पष्ट मान्य केला, त्या दिवसापासून मला थोडी झोप लागायला लागली.

४. धंदा एकाच्या डोक्यात ठेवू नका.

हे ज्यांचे नवरे धडधाकट आहेत त्यांनी आधी वाचावं. आमच्याकडे कुठल्या व्यापाऱ्याने किती आगाऊ दिले, कुठल्या मापाचा काय दर ठरला, उधारी किती, हे सगळं ह्यांच्या डोक्यात होतं. एका व्यापाऱ्याने दिलेल्यापेक्षा जास्त आगाऊ रक्कम सांगितली. माझ्याकडे कागद नव्हता, त्याच्याकडेही नव्हता. मी तो म्हणाला तेवढी मान्य केली आणि पुढच्या वर्षीपासून त्याच्याशी व्यवहार थांबवला.

एकट्याच्या मालकीचा कारखाना मालक गेला की कायद्याच्या दृष्टीने आहे तसा पुढे चालत नाही. उद्यम नोंदणी, जीएसटी, चालू खातं, सगळं त्याच्या पॅनला बांधलेलं असतं. वारसाला नव्याने नोंदणी करावी लागते. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे पैसे आपले झाले असंही नाही. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, हक्क सगळ्या वारसांचा राहतो. खातं दोघांच्या नावाने आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशा पद्धतीचं असेल तर निदान घरखर्च अडत नाही. शेडखालच्या जमिनीवर वारस नोंद करायला तलाठ्याकडे जावं लागतं, आणि ते लवकर केलेलं बरं.

२०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात मूर्तिकारही आहेत. आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच. कुणाच्या नावाने घ्यायचा याचा विचार करताना, ज्या हातात खरोखर ब्रश आहे त्या बाईचंही नाव एकदा मनात आणा.

५. दुःख मूर्तीच्या डोळ्यांत उतरवू नका.

शिकलेली, चांगली माणसं मला सांगायची, “आता तुमच्या कलेत एक वेगळं दुःख येईल, येऊ द्या.” चित्रकाराला, कवीला हे लागू पडत असेल. मला ते लागू नाही, आणि का नाही ते नीट सांगायला हवं.

आखणी कशी होते बघा. आधी डोळ्यात पांढरा भरायचा, कोपऱ्यांना किंचित गुलाबी. मग वरच्या पापणीची रेघ. ती एका दमात जावी लागते, मध्ये श्वास घेतला तर जाडी बदलते. मग बुबुळ, मग बाहुली, आणि अगदी शेवटी बाहुलीवर झिरो नंबरच्या ब्रशाने पांढरा ठिपका. घरगुती मूर्तीची नजर किंचित खाली ठेवायची, म्हणजे समोर जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला ती मिळते. मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आणखी खाली आणायची, कारण तिथे माणसं पायाशी उभी राहून वर बघतात. दोन्ही डोळे एका पातळीत आहेत की नाही ते आरशात बघून तपासायचं, नुसत्या नजरेला चूक दिसत नाही. एवढ्या नेमक्या कामात सुताएवढा फरक पडला तरी चेहरा बदलतो. पापणी जरा खाली आली की गणपती थकलेला दिसतो. बाहुली वर सरकली की घाबरलेला.

ही मूर्ती ज्या घरात जाणार तिथे कोणाला नुकतं मूल झालेलं असेल, कोणाची नोकरी गेलेली असेल, कोणी आमच्यासारखंच माणूस गमावलेलं असेल. ते दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस त्या डोळ्यांसमोर बसून आपलं बोलणार. तिथे माझं दुःख पोचवायचा मला अधिकार नाही. ती नजर त्यांच्यासाठी मोकळी ठेवायची, हेच माझं काम.

म्हणून मी एक शिस्त लावून घेतली आणि ती अजून मोडलेली नाही. आखणी फक्त सकाळी, घरात कोणाशी काही बोलायच्या आधी. ज्या दिवशी भरून येतं त्या दिवशी डोळ्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन जोड घासायचे, नाहीतर दागिन्यांना सोनेरी लावायचा. ती कामं हात आपणहून करतो आणि मनाला हवं तिकडे जाऊ देतो.

आणि दुःखाला स्वतःचं वेगळं काम द्या. गुजरातेतून पोत्यांनी शाडू येते, ती हंगामानंतर थोडी उरतेच. त्या मातीचे मी हात करते. नुसते हात, मनगटापर्यंत. ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा माती दाबून दाबून पसरट झालेला होता, तर्जनीच्या पेराला गाठ आली होती. ते विकायचे नाहीत, कोणाला दाखवायचेही नाहीत. काही जमले, पुष्कळ मोडून पुन्हा मातीत घातले.

६. ‘सवाष्णीच्या हातून’ असं कोणी म्हणालं, तर हात मागे घेऊ नका.

आमच्याकडे वर्षानुवर्षं पाट देणारं एक घर होतं. त्यांच्या पाटावर त्यांची मूर्ती आम्हीच करायचो. ह्यांच्यानंतरच्या वर्षी त्या घरच्या बाईंचा फोन आला. अगदी हळू आवाजात, अवघडून म्हणाल्या, “या वर्षी डोळे सुनबाईंच्या हातून काढून घ्याल का?” त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणाले, “आमच्याकडे आखणी मी करते. तुम्हाला चालत नसेल तर पाट परत पाठवते.” पाट परत गेला. ते घर पुन्हा आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, पण मी जे बोलले त्याबद्दल अजिबात नाही.

मग आळीत कुजबुज सुरू झाली. अशा वेळी वाद घालून फार काही होत नाही, कोणीतरी वजनदार माणूस उघडपणे आपल्या बाजूला उभा राहावा लागतो. माझ्या नशिबाने तो राहिला. इथले एक वृद्ध मूर्तिकार, ज्यांच्या हाताला सगळं पेण मानतं, एके सकाळी रिक्षातून स्वतःच्या देवघरात बसायची मूर्ती घेऊन आले. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “आमच्या घरचा आहे. डोळे तुम्ही काढायचे.” त्यांच्या घरात आखणी करणारे तीन हात आहेत. तरीही ते आले. त्यानंतर आमच्या आळीत हा विषय निघाला नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. कारखान्यातून निघते ती माती आणि रंग. घरी पाटावर बसवून प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा देव येतो, असं आपले भटजीच सांगतात. मग आखणी करणाऱ्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हा प्रश्न येतो कुठून? बायको गेलेल्या कुठल्याही कारागिराला आजवर कोणी हे विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी मी कापून शेडमध्ये चिकटवली आहे. माझ्या बांगड्या २०१९ मध्ये फोडल्या गेल्या. त्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. आता माझ्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, आखणी करताना तेवढ्या मी कोपराकडे सारते.

७. त्यांचे साचे कायमचे टिकणार नाहीत, हे आधीच मान्य करा.

हे मला सगळ्यात जड गेलं. ह्यांनी घडवलेल्या मूळ मूर्तींवरून केलेले साचे हीच आमची खरी मिळकत. पण रबरी साचा जसजसा वापरावा तसतसा सैल होतो. सोंडेवरच्या वळ्या, बोटांमधल्या फटी, सगळ्यांची धार बोथट होत जाते. ह्यांच्यानंतर दोन-तीन हंगामांत आमचा सगळ्यात चालणारा टिटवाळ्याच्या धर्तीचा साचा निकामी झाला. लोक म्हणाले, एखाद्या चांगल्या मूर्तीवरून नवीन साचा काढा. पण शाडू वाळताना आकसते. मूर्तीवरून साचा आणि त्या साच्यातून पुन्हा मूर्ती, असं करत गेलं की प्रत्येक फेरीत ती थोडी लहान आणि थोडी बोथट होते. नकलेची नक्कल काढत राहिले असते तर ह्यांच्या हाताचं त्यात काहीच उरलं नसतं.

तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, आणि त्यात टिळकांच्या अध्यायांपेक्षा लक्ष्मीबाईंचे अध्याय कितीतरी जास्त आहेत. पुढे १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने यायला लागली. त्या पुस्तकात टिळक पानोपानी आहेत, पण भाषा पहिल्या शब्दापासून लक्ष्मीबाईंची आहे. शाळा न शिकलेल्या बाईने हे केलं. नवऱ्याचं काम पुढे नेणं आणि नवऱ्यासारखं काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्याकडे बघून समजलं.

मग मी पहिल्यांदा स्वतः मूळ मूर्ती घडवायला बसले. वय झाल्यावर असं काही सुरू करायला धीर लागतो. आमच्याकडचे फिनिशिंग करणारे मामा शेजारी बसून राहिले. बैठक मी ह्यांचीच ठेवली, ती फार घट्ट बैठक होती, मूर्ती पाटावर बसवली की हलत नसे. चेहरा मात्र माझ्या हिशेबाने केला. गाल थोडे भरलेले, आणि डोळ्यांच्या खोबणी जरा मोठ्या, म्हणजे आखणीला जागा मिळते. आयुष्यभर दुसऱ्याने दिलेल्या खोबणीत डोळे बसवले होते. ही खोबण माझी होती. व्यापाऱ्यांना ती मूर्ती आवडली. आम्ही अजून तीच चालवतो.

८. पहिलं वर्ष वाईट जाईल, कदाचित दुसरं त्याहून वाईट.

माझा पहिला पूर्ण हंगाम २०२० चा. मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली, बाहेरगावचे कारागीर गावी गेले. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडवर आलं आणि शेडचे पत्रे उडाले. खाली वाळत ठेवलेल्या शाडूच्या कच्च्या मूर्तींचा रात्रीत चिखल झाला. जुलैमध्ये सरकारने घरगुती मूर्तीला २ फूट आणि मंडळाच्या मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली. आमचं काम बहुतेक लहान मूर्तींचं, म्हणून निभावलं. मोठ्या मूर्ती करून बसलेल्या कारखान्यांची फार वाताहत झाली.

भाजलेली नसते म्हणून शाडू पुन्हा मळता येते. आम्ही तो चिखल गोळा केला, खडे काढले आणि त्यातूनच जमतील तेवढ्या मूर्ती केल्या. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्लास्टर ऑफ पॅरिसविरोधातली नियमावली आली. तेव्हापासून मी दर वर्षी शाडूचं प्रमाण वाढवत नेलं. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती करायला परवानगी दिली, पण त्या वेळी नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला दिली नाही. आमच्याच धंद्यातली माणसं या प्रश्नावर दोन बाजूंना उभी आहेत आणि दोघांच्याही पोटाचा प्रश्न आहे. मी कोणाला शिकवायला जात नाही. माझ्या शेडचा निर्णय मी घेतला.

९. काही माणसं सोडून जातील.

आमचा सगळ्यात तयार रंगारी दुसऱ्या कारखान्यात गेला. मजुरी जास्त होती आणि त्याला तीन मुलं आहेत. लग्नकार्यात भेटतो तेव्हा पाया पडतो. मी त्याच्या मुलांची चौकशी करते.

१०. विसर्जनानंतरचे दिवस मोकळे ठेवू नका.

हंगामात दुःख मागे राहतं. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत जेवायला सवड नसते. मग अचानक शेड रिकामी. फळ्या रिकाम्या, रंगाचे डबे धुऊन उपडे घातलेले, आणि संध्याकाळी पाच वाजता करण्यासारखं काहीच नाही. हे हयात असताना त्याच दिवसांत आम्ही दोघं कुठेतरी जायचो, देवदर्शनाला, नाहीतर नुसते अलिबागला. भाद्रपद संपून आश्विन लागतो तो काळ मला अजून कठीण जातो. मुलगा, सून दोघंही सांभाळून घेतात, पण त्यांचं आयुष्य त्यांना जगायचं असतं.

माझ्यापुरता यावर एक उपाय सापडला. दसऱ्यानंतर मी आखणी शिकवते. आधी शेजारच्या दोन मुली यायच्या, मग हमरापूरहून बायका यायला लागल्या. तिकडे घरोघरी कारखाने आहेत आणि बायका सगळी कामं करतात, पण आखणी अजून बऱ्याच ठिकाणी बाहेरून माणूस बोलावून करून घेतात, कारण तिची मजुरी जास्त असते. ती मजुरी घरातच राहायला हवी, असं मला वाटतं. येणाऱ्यांत काही जणी माझ्यासारख्या आहेत, काहींचे नवरे असून नसल्यासारखे, काहींचं सगळं उत्तम चाललेलं. शिकताना ते कोणी विचारत नाही. महिनाभर नुसत्या रेघा, टाकाऊ मूर्तींच्या पाठीवर. मग पापणी. बाहुलीला हात लावायला संक्रांत उजाडते. हात थरथरतो म्हणून रडणाऱ्यांना मी कोपराखाली उशी द्यायला शिकवते. थरथर हातात नसते, कोपर अधांतरी असतं म्हणून होते.

कोणाला यायचं असेल तर यावं. पैसे मी घेत नाही, ब्रश मात्र स्वतःचा आणावा, कारण प्रत्येकीच्या बोटांप्रमाणे तो वेगळा झिजतो. जवळचं दिसत नसेल तर आधी डोळे तपासून चष्मा करून घ्यावा. सोमवार ते शनिवार, सकाळी सातला आम्ही बसतो.